ब्याण्णव वर्षांचा हात

१७३६ साली घडलेल्या एका व्हायोलिनच्या पोटात कागदाची एक लहानशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. वाद्य जरा तिरकं धरून एफ अक्षरासारख्या छिद्रातून आत पाहिलं की ती वाचता येते. क्रेमोनाच्या आंतोनिओ स्त्रादिवारीने हे अमुक साली घडवलं, असा लॅटिन मजकूर तिच्यावर छापलेला आहे. असा मजकूर त्याच्या इतर वाद्यांतही असतो. या चिठ्ठीवर मात्र हाताने लिहिलेली एक जादा नोंद आहे : वय वर्षं ९२.

या वयात हात थरथरतात, नजर अंधूक होते. हा गृहस्थ त्या वयात अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या फळीत सुरीने वळणदार छिद्रं कोरत होता. त्याच्या जन्माची चर्चमधली नोंद आजवर सापडलेली नाही. तो १६४४च्या सुमारास जन्मला असं आपण म्हणतो, ते मुख्यतः अशा चिठ्ठ्यांवरच्या वयातून उलटा हिशेब करूनच. त्याचं जन्मवर्षसुद्धा त्याच्या कामानेच आपल्याला सांगितलं आहे.

स्त्रादिवारी म्हटलं की लोकांना लिलाव आठवतात आणि हरवलेलं गुपित आठवतं. लिलावांचे आकडे खरोखरच डोळे दिपवणारे आहेत. ‘लेडी ब्लंट’ नावाने ओळखलं जाणारं त्याचं १७२१ सालचं व्हायोलिन २०११मध्ये सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलरला विकलं गेलं आणि ती रक्कम जपानच्या भूकंप-त्सुनामीग्रस्तांच्या मदतीला गेली. गुपिताच्या कथा तर शेकड्यांनी आहेत : वार्निशात काहीतरी होतं, लाकूड समुद्राच्या पाण्यात भिजवलं होतं, वगैरे. मला वाटतं, या गुपिताच्या मागे धावताना खरं आश्चर्य आपल्या हातून निसटतं. ते कुठेही दडवलेलं नाही. लाकडाच्या रेषांत, फळीच्या जाडीत, साच्यावरच्या ओरखड्यांत ते उघडं पडलेलं आहे आणि ते बघायला वेळ द्यावा एवढं मोठं आहे.

आधी गाव पाहू. क्रेमोना हे उत्तर इटलीत, पो नदीच्या काठी वसलेलं लोंबार्दीतलं शहर. सोळाव्या शतकात इथल्या आंद्रेआ आमातीने व्हायोलिनला आज आपण ओळखतो ते रूप दिलं. त्याची विद्या मुलांकडे, मग नातवाकडे आली. १६३०मध्ये प्लेगची साथ आली आणि क्रेमोना उजाड झालं. आमाती घराण्यातला निकोलो तेवढा ही कला पुढे नेण्यासाठी मागे उरला. तोवर विद्या घराबाहेर जात नव्हती. निकोलोने मात्र बाहेरची मुलं शिकायला ठेवली. त्यांतला एक होता आंद्रेआ ग्वार्नेरी. पुढे त्याचं स्वतःचं मोठं घराणं झालं. स्त्रादिवारीच्या १६६६ सालच्या एका चिठ्ठीवर त्यानेही स्वतःला निकोलो आमातीचा शिष्य म्हटलं आहे. म्हणजे साथीने घराचं दार उघडायला लावलं नसतं, तर व्हायोलिनचा इतिहास वेगळाच झाला असता.

१६६७मध्ये स्त्रादिवारीचं लग्न झालं. १६८०मध्ये त्याने सान दोमेनिको चर्चसमोर सात हजार लिरांना एक घर घेतलं आणि पुढची सत्तावन्न वर्षं, शेवटच्या दिवसापर्यंत, तो तिथेच राहिला आणि तिथेच काम करत राहिला. पहिली बायको १६९८मध्ये गेली, पुढच्या वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. दोघींची मिळून अकरा मुलं. त्यांतले फ्रान्चेस्को आणि ओमोबोनो बापाच्या हाताखाली कामाला बसले. आमाती आणि ग्वार्नेरी यांची दुकानंही त्याच वस्तीत, हाकेच्या अंतरावर. जगाने पुढची तीनशे वर्षं ज्यांच्या नकला केल्या, ते कारागीर एकमेकांच्या रंध्याचा आवाज ऐकत जगत होते.

आता लाकूड. व्हायोलिनची वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजूच्या पट्ट्या मेपलच्या. स्प्रूस आल्प्समधल्या फिएम्मे खोऱ्यातून येत असे, असं परंपरा सांगते. तिथल्या पानेवेज्जोच्या अरण्याला आजही व्हायोलिनांचं अरण्य म्हणतात. २०१८च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या वादळात तिथली असंख्य झाडं उन्मळून पडली, तेव्हा वाद्यं बनवणारे हळहळले ते याचसाठी. स्प्रूसच का? तर हे लाकूड वजनाने हलकं आणि तरीही ताठ असतं. त्याच्या रेषांच्या दिशेने आवाज सेकंदाला पाच किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो, हवेत तो साधारण ३४० मीटर जातो. रेषांना आडवा मात्र त्याचा वेग तिपटी-चौपटीने कमी होतो. लांबीला ताठ आणि रुंदीला मऊ, हा दुहेरी स्वभाव वाद्याला हवाच असतो.

स्त्रादिवारीच्या उमेदीच्या काळात युरोप विलक्षण गारठलेला होता. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावरचे डाग जवळजवळ नाहीसे झाले होते. त्या गारठ्यात आल्प्समधली झाडं सावकाश वाढली आणि त्यांची वलयं अरुंद, सारखी राहिली. या घट्ट लाकडातच त्याच्या स्वराचं मूळ असावं, असा तर्क २००३मध्ये दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी मांडला. तर्क देखणा आहे. पण ते लाकूड त्या काळच्या दुसऱ्या कारागिरांनाही मिळत होतंच. वलयांनी आपल्याला दुसरी एक पक्की गोष्ट मात्र दिली. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात ‘मेसिया’ नावाचं १७१६ सालचं व्हायोलिन आहे. ते इतकं कोरं, इतकं न झिजलेलं आहे की ते बनावट असल्याची शंका घेतली गेली. अभ्यासकांनी त्याच्या फळीवरची वलयं मोजून आल्प्समधल्या झाडांच्या नोंदींशी ताडून पाहिली. सर्वांत अलीकडचं वलय १६८०च्या दशकातलं निघालं. म्हणजे ते लाकूड स्त्रादिवारीच्या काळातलंच.

घडवायची रीत पाहू, कारण जीव रमावा अशी जागा ही आहे. सुरुवात होते लाकडी साच्यापासून. हा साचा वाद्याच्या आत बसेल अशा बेताचा सपाट तुकडा असतो. त्याच्या खाचांत सहा ठोकळे तात्पुरते चिकटवायचे. मेपलची जेमतेम मिलिमीटरभर जाडीची पट्टी तापलेल्या लोखंडावर वाकवायची आणि ठोकळ्यांभोवती गुंडाळत न्यायची. ही झाली वाद्याची कड. स्त्रादिवारी ठोकळ्यांसाठी विलोचं हलकं लाकूड वापरत असे. पुढे साचा काढून घ्यायचा आणि कडा तशाच उभ्या राहतात.

वरची फळी एका जाड पाचरीतून निघते. पाचर मधोमध चिरून दोन्ही भाग पुस्तकाच्या पानांसारखे उघडतात आणि सरसाने जोडतात, म्हणजे डावी-उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब होते. मग बाहेरून घुमट कोरायचा आणि आतून पोकळ करायचं. आधी पटाशी, मग अंगठ्याएवढे पितळी रंधे, शेवटी पोलादी पातं घेऊन खरवडणं. वरची फळी सगळीकडे अडीच-तीन मिलिमीटर राहते. पाठ मध्यावर साडेचार मिलिमीटरच्या आसपास जाड ठेवायची आणि कडांकडे अडीचपर्यंत उतरवायची. कडेलगत जी काळी-पांढरी-काळी बारीक रेघ दिसते ती रंगवलेली नसते. लाकडाच्या तीन पातळ पट्ट्या एकत्र करून त्या खाचेत बसवलेल्या असतात. ती दागिन्यासारखी शोभते खरी, पण कडेला गेलेली चीर फळीत शिरू नये, हे तिचं मूळ काम.

असे सत्तरच्या आसपास तुकडे जोडून जे उभं राहतं, त्याचं वजन अर्ध्या किलोच्या आतलं. त्यावर चार तारा ताणल्या की त्यांची ओढ वीस-पंचवीस किलोंची होते आणि त्यांतला सात ते नऊ किलोंचा भार घोडीच्या दोन पायांवाटे थेट त्या पातळ फळीवर उतरतो. हा भार फळ्यांनी तीनशे वर्षं पेलला आहे.

आणि आवाज निघतो तो असा. नुसती तार हवेला फारशी हलवू शकत नाही. ती फार बारीक असते. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. ते तारेला धरतात, ओढतात, तार सुटते, पुन्हा धरली जाते. मोकळ्या ए तारेवर ही धरसोड सेकंदाला ४४० वेळा होते. तार थरथरते तेव्हा आपल्या डोळ्यांना ती धूसर फुगीर दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक क्षणी ती दोन सरळ रेघांची असते आणि त्यांच्यामधला कोपरा तारेवरून गरगर फिरत असतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने हे एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं. ही थरथर घोडीकडे जाते आणि घोडी डावी-उजवीकडे डुलू लागते.

इथे कारागिराची खरी करामत येते. घोडीच्या उजव्या पायाच्या जरा मागे, वाद्याच्या आत, वरच्या फळीपासून पाठीपर्यंत सहा मिलिमीटर जाडीची एक काठी उभी असते. ती चिकटवलेली नसते, नुसत्या दाबावर उभी असते. तिच्यामुळे घोडीचा उजवा पाय जवळजवळ जखडला जातो आणि डावा मोकळेपणाने वर-खाली होतो. डाव्या पायाखाली, फळीला आतून चिकटवलेली एक लांब पट्टी ती हालचाल फळीभर पसरवते. ही काठी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे सरकली तरी वाद्याचा आवाज बदलतो. मिरजेत ज्याने तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको : घोडीवर कानशीचा एक हात कमी-जास्त झाला की तोच तंबोरा बोलतो किंवा मुका होतो. कान सांगेल तिथे हात थांबला पाहिजे, हा नियम दोन्ही गावांत एकच.

बाकीचा आवाज पोटातल्या हवेचा. वाद्यातल्या हवेचा स्वतःचा एक स्वर असतो, सेकंदाला साधारण २७० ते २८० कंपनांचा. खालच्या स्वरांना भरघोसपणा येतो तो तिच्यामुळे. ही हवा एफ-छिद्रांतून आत-बाहेर करते. २०१५मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी याचं गणित मांडलं. छिद्रातून हवा किती जोराने खेळेल, हे छिद्राच्या क्षेत्रफळापेक्षा त्याच्या काठाच्या लांबीवर ठरतं, असं त्यांना आढळलं. जुन्या वाद्यांना गोल छिद्रं होती. ती शतकानुशतकं लांबत, वळत एफच्या आकाराला आली. आमातीपासून स्त्रादिवारीपर्यंत आणि पुढे ग्वार्नेरीपर्यंत ती थोडी थोडी आणखी लांबत गेली. हे गणित त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं. नक्कल करताना होणाऱ्या बारीकशा फरकांतून जे वाद्य चांगलं बोललं, ते पुढच्या वाद्यासाठी नमुना झालं. दोनशे वर्षं कानांनी निवड केली आणि कानांनी गाठलेली जागा भौतिकशास्त्राने नंतर बरोबर ठरवली. मला यापुढे कोणतंही गुपित फिकं वाटतं.

वार्निशाचंही तसंच. पॅरिसच्या संगीत संग्रहालयातल्या पाच स्त्रादिवारी वाद्यांवरचं वार्निश फ्रेंच आणि जर्मन संशोधकांनी तपासलं आणि २००९च्या अखेरीस निष्कर्ष जाहीर केले. खाली चित्रकार वापरत तसल्या वाळणाऱ्या तेलाचा थर, त्यावर तेल आणि पाइनची राळ, त्यात लाल छटेसाठी रंगद्रव्यं. अज्ञात असं काहीच नाही. लाकडाबाबत थोडं अधिक हाती लागलं आहे. टाकणखार, तुरटी, जस्त, तांबं, चुना अशा द्रव्यांच्या खुणा क्रेमोनाच्या जुन्या मेपल-स्प्रूसमध्ये सापडल्या आहेत. बहुधा कीड लागू नये म्हणून लाकडाला दिलेल्या त्या संस्काराने लाकूडही थोडं बदललं असावं. वार्निश वाळायला मात्र ऊन लागायचं आणि उन्हाची घाई करता येत नाही. १२ ऑगस्ट १७०८च्या एका पत्रात स्त्रादिवारीने वाद्य द्यायला उशीर झाल्याबद्दल गिऱ्हाइकाची माफी मागितली आहे आणि कारण दिलं आहे वार्निशाचं आणि उन्हाचं.

त्याच्या आयुष्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट आता सांगतो. हा माणूस एका जागी बसला नाही. विशी-तिशीत तो आमातीच्या वळणावर काम करत होता. १६९०च्या सुमारास, वयाच्या पंचेचाळिशीत, नाव झालेलं असताना, त्याने मोजमापच बदललं : वाद्य लांब आणि निमुळतं केलं. सात-आठ वर्षं त्या वाटेने गेला आणि मग ती सोडून दिली. पुन्हा आखूड आकाराकडे आला, घुमट चपटा केला, रुंदी वाढवली. १७००नंतरची वीस-पंचवीस वर्षं हा त्याचा सुवर्णकाळ मानतात. ‘मेसिया’ आणि ‘लेडी ब्लंट’ याच काळातली. म्हणजे त्याची सर्वश्रेष्ठ वाद्यं छप्पन्न ते ऐंशी या वयातली आहेत. मधल्या काळात त्याने सेलोचं मापही नव्याने बसवलं, गिटार केल्या, मँडोलिन केली, हार्पही केली. १६७९ सालची त्याची ‘साबिओनारी’ गिटार आजही वाजवता येते. एका अंदाजाने त्याने हजाराहून अधिक वाद्यं घडवली. त्यांतली सुमारे ६५० टिकून आहेत.

१८ डिसेंबर १७३७ला तो गेला. मग सगळं फार लवकर संपलं. ओमोबोनो १७४२मध्ये गेला, फ्रान्चेस्को १७४३मध्ये. ग्वार्नेरी घराण्यातला सर्वांत प्रतिभावान जुझेप्पे, ज्याला ‘देल जेझू’ म्हणतात, तो १७४४मध्ये सेहेचाळिशीतच गेला. कार्लो बेर्गोन्झी १७४७मध्ये. एका दशकात क्रेमोनाची ती पिढी उठून गेली. स्त्रादिवारीचा धाकटा मुलगा पाओलो कापडाचा व्यापारी होता. त्याने १७७५-७६च्या सुमारास बापाची हत्यारं, साचे, कागद काउंट कोझिओ दि सालाबुए या संग्राहकाला विकून टाकले. सान दोमेनिको चर्च १८६९मध्ये पाडलं गेलं आणि तिथली त्याची कबरही गेली.

वाद्यंही तशीच राहिली नाहीत. एकोणिसाव्या शतकात मोठी सभागृहं आली, आवाज मोठा हवा झाला. जवळजवळ प्रत्येक स्त्रादिवारी व्हायोलिनची मान काढून जास्त लांब आणि मागे कललेली मान बसवली गेली, आतली पट्टी जाड केली गेली. आज आपण ऐकतो तो स्वर त्याच्या एकट्याचा नाही. नंतरच्या कित्येक निनावी कारागिरांचे हात आणि तीन शतकांतल्या वादकांची बोटं त्यात मिसळली आहेत.

मग आजची नवी व्हायोलिनं त्याच्या तोडीची असू शकतात का? २०१२मध्ये पॅरिसजवळ दहा नामांकित एकलवादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांच्या हाती बारा व्हायोलिनं दिली गेली. सहा जुनी इटालियन, सहा नवी. मैफलीसाठी आपलं म्हणून कोणतं घ्याल, असं विचारल्यावर दहापैकी सहा जणांनी नवं निवडलं आणि जुनं कोणतं, नवं कोणतं हे त्यांना खात्रीने ओळखता आलं नाही. काहींना यात स्त्रादिवारीचा पराभव दिसला. मला त्यात त्याचा विजय दिसतो. कारण ती नवी वाद्यं त्याच्याच घुमटावर, त्याच्याच मापांवर बेतलेली असतात. ज्याचं काम शिकता येतं आणि त्याच्या तोडीला पोचता येतं, तो जादूगार नसतो, गुरू असतो.

त्याच्या गावाने ठरवलेल्या या घाटाचं ऋण आपल्यावरही आहे. व्हायोलिनच्या मानेवर पडदे नसतात. म्हणूनच हे परदेशी वाद्य मींड घेऊ शकलं, श्रुती सांभाळू शकलं. गजाननराव जोशी, पं. व्ही. जी. जोग, पं. डी. के. दातार यांनी ते मांडी घालून, वाद्याचं डोकं पायावर टेकवून आपल्या गाण्याला लावलं आणि वाद्याचा घाट तसूभरही बदलावा लागला नाही.

क्रेमोनात आज पुन्हा शंभराहून अधिक कार्यशाळा आहेत. १९३८पासून तिथे व्हायोलिन घडवण्याची शाळा चालते. २०१२मध्ये युनेस्कोने या कारागिरीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. २०१९च्या सुरुवातीला संग्रहालयातल्या जुन्या वाद्यांचे स्वर ध्वनिमुद्रित करायचे होते, तेव्हा महापौरांनी नागरिकांना आवाज न करण्याचं आवाहन केलं, आसपासचे रस्ते बंद केले, सभागृहातले गुणगुणणारे दिवेसुद्धा काढून ठेवले. हे पाच आठवडे चाललं.

पाओलोने विकलेली हत्यारंही अखेर घरी आली. बोलोन्याच्या जुझेप्पे फिओरिनी या कारागिराने ती १९२०मध्ये विकत घेतली आणि १९३०मध्ये क्रेमोना शहराला देऊन टाकली. ती आता २०१३मध्ये उघडलेल्या व्हायोलिन संग्रहालयात आहेत. मिलानहून रेल्वेने तास-सव्वा तासात तिथे पोचता येतं. तुमचं कुणी त्या बाजूला राहत असेल, तुम्ही कधी जाणार असाल, तर एक करा. कोट्यवधींची व्हायोलिनं मांडली आहेत त्या दालनाआधी साच्यांच्या दालनात जा. अक्षरांच्या खुणा केलेले ते लाकडी साचे, छिद्रांच्या जागा आखलेले कागद, कंपासाची भोकं निवांत बघा. एकाच वस्तूची इतकी मापं एका माणसाने पुन्हा पुन्हा बदलून पाहिली, हे तिथे कळतं. स्त्रादिवारीचं गुपित म्हणतात ते एवढंच आहे, आणि ते कोणालाही शिकता येण्यासारखं आहे.